गाडीपेक्षा बिल्ला महाग: टॅक्सीच्या परवान्यातून मक्तेदारी कशी उभी राहते

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांबद्दल एक जुनी तक्रार होती. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास, म्हणजे नेमकी ऑफिसं सुटायला लागतात तेव्हा, रस्त्यावरून टॅक्सी गायब व्हायच्या. ज्या दिसायच्या त्यांच्या टपावर ‘ड्यूटी संपली’चा दिवा. कितीही हात करा, कोणी थांबायचं नाही. लोक म्हणायचे, माजलेत हे. ऐन धंद्याच्या वेळी धंदा नको म्हणणारा माणूस एकतर माजलेला असणार किंवा वेडा.

तो दोन्ही नव्हता. मुळात गाडीच त्याची नव्हती. गाडी गॅरेजवाल्याची, आणि शेत खंडाने घ्यावं तशी चालक ती बारा तासांच्या पाळीपुरती खंडाने घ्यायचा. दिवसाला दोन पाळ्या, दोन चालक. पाळी अशा वेळी बदलायला हवी की सकाळची गर्दी एकाच्या वाट्याला येईल आणि संध्याकाळची दुसऱ्याच्या. ती वेळ म्हणजे संध्याकाळी पाच. बरीचशी गॅरेजं नदीपलीकडे, क्वीन्समध्ये. साडेचारला मॅनहॅटनमधला प्रवासी घेतला आणि तो उलट्या दिशेला निघाला, तर गाडी वेळेत परत पोचणार नाही. तिकडे दुसऱ्या पाळीचा चालक दारात ताटकळत उभा. म्हणून दिवा लावायचा आणि गुमान पूल ओलांडायचा.

पण गॅरेजवाल्याला गाडी चोवीस तास पळवायची एवढी घाई कशाची? कारण त्या गाडीच्या बॉनेटवर तळहाताएवढा पत्र्याचा एक बिल्ला ठोकलेला असतो. त्याला मेडॅलियन म्हणतात. २०१३-१४ च्या सुमारास असा बिल्ला १० लाख डॉलरच्या वर विकला जात होता. गाडीची किंमत त्याच्या चार-पाच टक्केसुद्धा नव्हती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. एवढं भांडवल अडकल्यावर ते रात्रभर गॅरेजात कोण उभं ठेवेल?

थोडक्यात, संध्याकाळी पाच वाजता टॅक्सी न मिळण्याचं मूळ चालकाच्या स्वभावात नव्हतं, त्या पत्र्याच्या किमतीत होतं. आणि ती किंमत बाजाराने आपोआप ठरवलेली नव्हती. ती शहराच्या एका नियमातून जन्माला आली होती.

दहा डॉलरचा पत्रा

१९३० च्या दशकातल्या मंदीत न्यूयॉर्कमध्ये ज्याची नोकरी गेली तो टॅक्सी घेऊन रस्त्यावर आला. प्रवासी कमी, गाड्या बेसुमार. भाड्यांची पाडापाडी सुरू झाली, चालकांना पोटापुरतं मिळेना, १९३४ मध्ये मोठा संप झाला. हे सगळं आवरायला १९३७ मध्ये ‘हास कायदा’ आला. त्या वेळी जे धंद्यात होते त्यांना दहा डॉलर घेऊन बिल्ले दिले आणि नव्या बिल्ल्यांचं दार बंद केलं. सुरुवातीला ते साडेतेरा हजारांच्या आसपास होते. पुढे काही परत आले, ते पुन्हा कोणाला दिले गेले नाहीत, आणि आकडा ११,७८७ वर येऊन गोठला. तो १९९६ पर्यंत तसाच होता.

या मधल्या काळात काय काय झालं? शहराच्या हद्दीतले दोन्ही मोठे विमानतळ या कायद्यानंतर सुरू झाले. महायुद्ध झालं, उपनगरं वाढली, दोन पिढ्या सरल्या. टॅक्सींची संख्या मात्र १९३७ च्या अंदाजापेक्षाही कमी.

यात कोणी गुप्त कट केला होता असं नाही. मला तर वाटतं, कटापेक्षा आळस जास्त टिकाऊ असतो. संख्या वाढवण्याचा प्रस्ताव आला की बिल्लेवाले प्रत्येक सुनावणीला हजर. त्यांच्यासाठी तो आयुष्याचा प्रश्न. ज्याला काल पावसात टॅक्सी मिळाली नाही तो मात्र भिजत घरी गेला, अंग पुसलं आणि विसरला. त्याचं नुकसान लहान, पण तसे लाखो. बिल्लेवाल्याचं नुकसान मोठं, आणि ते मोजकेच. अशा सामन्यात लाखो माणसं हरतात, कारण ती मैदानात उतरतच नाहीत.

एका कागदात दोन गोष्टी

टॅक्सीचा परवाना म्हटलं की आपण एक गोष्ट समजतो, पण त्या कागदात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात.

पहिली म्हणजे लायकीचा दाखला. या माणसाला गाडी चालवता येते, याच्यावर गंभीर गुन्हा नाही, गाडीचे ब्रेक लागतात, मीटर खरा आहे, विमा भरलेला आहे. अनोळखी माणसाच्या गाडीत रात्री अकरा वाजता एकटं बसायचं तर हे कोणीतरी तपासलेलं असावं, यात दुमत नाही.

दुसरी म्हणजे हजेरीपटावरची जागा. तुम्ही कितीही लायक असा, पट भरलेला असेल तर तुम्हाला आत जागा नाही. आत यायचं तर जो आत आहे त्याच्याकडून त्याची जागा विकत घ्या.

पहिल्या गोष्टीमुळे प्रवाशाचं रक्षण होतं. दुसऱ्या गोष्टीमुळे जो आधी आत आला त्याचं. दोन्ही एकाच कागदावर छापलेल्या असल्यामुळे दुसरीचा बचाव करायला नेहमी पहिलीचं नाव पुढे केलं जातं. ‘परवाने वाढवले तर प्रवाशांच्या सुरक्षिततेचं काय?’ असं कोणी विचारलं की थांबून बघावं, बोलणं नेमकं कोणत्या अर्ध्याबद्दल चाललंय.

ओळखायची एक सोपी खूणही आहे. परवान्याला दुसऱ्या हाताच्या बाजारात किंमत येते का? लायकीचा दाखला कोणी विकत घेत नाही, कारण लायक माणूस तो ठरावीक शुल्क भरून काढू शकतो. किंमत येते ती टंचाईला. ताप मोजायला थर्मामीटर तसा हा आकडा.

हिशेब करून बघू. आकडे सोयीचे धरतो. बिल्ला १० लाख डॉलरचा. त्यावर वर्षाला सहा टक्के परतावा हवा, म्हणजे ६० हजार डॉलर. दिवसाला साधारण १६४. दोन पाळ्यांत वाटले तर पाळीमागे ८२. चालकाने पाळीत वीस फेऱ्या मारल्या तर प्रत्येक फेरीतले चार डॉलरच्या आसपास फक्त त्या पत्र्यापायी गेले. त्यात पेट्रोल नाही, टायर नाहीत, चालकाची मजुरीही नाही. गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधीच चालक वजा ८२ वर आहे. त्यात गाडीचा खंड आणि इंधन मिळवलं की पाळीचा बराचसा वेळ शून्यापर्यंत पोचण्यातच जातो.

हे पैसे कोणाच्या खिशातून जातात? भाड्याचा दर शहराने ठरवलेला असतो, त्यामुळे मालक प्रवाशाकडून हवं तेवढं उकळू शकत नाही. प्रवासी किंमत चुकवतो ती वाट बघून, आणि दरवाढीच्या वेळी. उरलेली किंमत चालक चुकवतो.

सापळा

इथे एक गंमत आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं समजतं. १० लाखांना बिल्ला घेणारा माणूस मक्तेदारीचा मलिदा खातोय का? नाही. मलिदा खाल्ला तो पहिल्या मालकाने, ज्याला दहा डॉलरला बिल्ला मिळाला. त्याने विकताना पुढच्या सगळ्या वर्षांचा फायदा एकरकमी काढून घेतला आणि तो निवृत्त झाला. नवा मालक कर्ज काढून आला. त्याला मिळणारं जादा उत्पन्न हप्त्यात जातं. त्याच्या हाती राहतो फक्त साधारण मोबदला.

पण उद्या शहराने दार उघडलं तर बुडतो हाच. गॉर्डन टुलक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ही गोष्ट मांडली आणि उदाहरण टॅक्सीच्या परवान्याचंच घेतलं. टंचाईचा फायदा फक्त पहिल्या पिढीला होतो; नंतरच्यांना तो फायदा नसतो, पण तो काढून घेतला तर नुकसान मात्र पुरेपूर. म्हणून चुकीचा आहे हे सगळ्यांना पटलेला नियमही मोडता येत नाही. दोरीवरून चालताना मधे कोणी म्हणावं, दोरी चुकीच्या जागी बांधलीय, सोडतो हं.

न्यूयॉर्कमध्ये हे शब्दशः घडलं. त्यात शहर नुसतं पंच नव्हतं, विक्रेताही होतं. १९९६ पासून जे थोडे नवे बिल्ले काढले त्यांचा लिलाव झाला आणि पैसे शहराच्या तिजोरीत गेले. किंमत जितकी चढेल तितकी तिजोरी भरणार. मग टंचाई कमी करायची इच्छा कोणाला होईल? विकत घेणारे बहुतेक स्थलांतरित चालक. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी खंडाने चालवली, आता स्वतःचा बिल्ला. कर्ज देणारे हात आखडत नव्हते. मग ॲपवाल्या गाड्या आल्या. हास कायद्याने पिवळ्या टॅक्सींची संख्या गोठवली होती, पण आगाऊ बोलावून येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची नाही. त्या २०१८ पर्यंत ऐंशी हजारांवर गेल्या. बिल्ल्याची किंमत दोन लाखांच्याही खाली आली. कर्ज मात्र सात-आठ लाखांचं तसंच. काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ च्या शरद ऋतूत चालकांनी सिटी हॉलबाहेर उपोषण केलं, तेव्हा कुठे शहराने कर्जाला हमी दिली, मुद्दल १ लाख ७० हजारांवर आणली आणि हप्ता महिन्याला १,१२२ डॉलरवर बांधून दिला.

दार अचानक उघडलं तर काय होतं याचा दुसरा नमुना डब्लिन. तिथे १९७८ पासून संख्येवर मर्यादा होती. शतक सरता सरता परवान्याचा भाव ८० हजार आयरिश पौंडांच्या पुढे गेला होता आणि रात्री पब सुटल्यावर टॅक्सीच्या रांगा हा शहराचा नित्याचा देखावा झाला होता. सरकारने उपाय काय काढला? नवे परवाने द्यायचे, पण ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच, प्रत्येकी आणखी एक. ज्याच्या घरात आड आहे त्यालाच दुसरा आड खणून देण्यासारखं. ऑक्टोबर २००० मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने हे उडवून लावलं: ज्याच्याकडे पात्रता आहे त्याला या धंद्यात येण्यापासून असं रोखता येणार नाही. महिन्याभरात मर्यादा गेली. ठरावीक शुल्क भरा, अटी पुऱ्या करा, परवाना घ्या. डब्लिनमध्ये सुमारे २,७०० टॅक्सी होत्या. दोन वर्षांत आठ हजारांवर गेल्या. प्रवाशांचं भलं झालं. आदल्या वर्षी घर गहाण टाकून परवाना घेतलेल्या माणसाचं काय झालं असेल याची कल्पना करा. सरकारने नंतर हलाखीत गेलेल्यांसाठी मदत दिली, ती गुंतवणुकीच्या मानाने किरकोळ.

मग असा बुडालेला परवानाधारक न्यायालयात जाऊन भरपाई मागू शकतो का? अमेरिकेत शिकागो आणि मिलवॉकीच्या टॅक्सीवाल्यांनी मागितली. २०१६ मध्ये न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांनी नाही म्हटलं. त्यांचा मुद्दा साधा होता: कॉफीचं दुकान चालवायचा परवाना मिळाला म्हणजे शेजारी चहाचं दुकान उघडू न देण्याचा हक्क मिळाला असं नाही. परवाना ही तुमची मालमत्ता असेलही, पण स्पर्धा न होण्याची हमी ही तिचा भाग नाही. कायद्याने हे चोख आहे. पण शहराने स्वतः लिलाव करून विकलेल्या बिल्ल्याबाबत ते माझ्या गळी पूर्ण उतरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जरा माणुसकीची वाट घेतली: २०१७ मध्ये जुने परवाने रद्द केले, पहिल्या परवान्याला एक लाख डॉलर आणि पुढच्या तिनांना प्रत्येकी पन्नास हजार दिले, आणि तो खर्च भरून काढायला प्रत्येक फेरीवर एक डॉलरचा अधिभार लावला. परवाने एके काळी पाच लाखांच्या आसपास विकले गेले होते, तेव्हा तिथेही सगळे खूश झाले नाहीतच.

सगळंच मोकळं सोडलं तर?

इथवर वाचून वाटेल की नियम काढून टाकले की प्रश्न मिटला. तसं नाही, आणि हेही करून पाहिलेलं आहे.

स्वीडनने १ जुलै १९९० ला टॅक्सी मोकळी केली. संख्या मोकळी, भाड्याचे दरही मोकळे. गाड्या वाढल्या. पुस्तकातल्या नियमाने भाडी उतरायला हवी होती, ती चढली. स्टॉकहोमला नव्याने आलेल्या प्रवाशाने स्टँडवरच्या पहिल्या गाडीत बसावं आणि उतरताना डोळे पांढरे व्हावेत, असे किस्से पुढे कित्येक वर्षं घडत राहिले. शेवटी गाडीच्या काचेवर पिवळा दरफलक लावायची सक्ती आली: दहा किलोमीटर आणि पंधरा मिनिटांच्या नमुना फेरीला ही गाडी किती घेते, ते मोठ्या अक्षरात.

असं का झालं हे कळायला स्टँडवर उभं राहून बघावं लागेल. रात्रीची वेळ, हातात बॅग, रांगेत पहिली गाडी. तुम्ही तिच्यातच बसणार. मागच्या गाडीवाल्याने दर निम्मा ठेवला असला तरी तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी पहिला चालक तुम्हाला मागे जाऊ देणार नाही. म्हणजे दर उतरवून मागच्याला एकही जादा प्रवासी मिळत नाही. मग तो उतरवेल कशाला? उलट गाड्या वाढल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला फेऱ्या कमी येतात, म्हणून मिळालेल्या फेरीतच वसूल करायचं. अमेरिकेत सिअॅटल आणि सॅन डिएगो यांनी १९७९ मध्ये असंच दार उघडलं होतं. विमानतळावर टॅक्सींच्या रांगाच रांगा लागल्या. तासन्‌तास थांबून मिळालेला प्रवासी जवळचा पत्ता सांगतो म्हटल्यावर चालक भडकणार, नाही म्हणणार. दोन्ही शहरांनी काही वर्षांतच नियम परत आणले.

जपानची कथा तिसरीच. २००२ मध्ये प्रवेश सोपा केला. कंपन्यांनी गाड्या वाढवल्या, कारण चालकाला बरीचशी मिळकत धंद्याच्या टक्क्यात मिळते. गाडी जादा उतरवण्याचा धोका कंपनीला कमी, चालकाला जास्त. चालकांची कमाई पडली आणि २००९ मध्ये गाड्या कमी करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे परवान्याच्या नियमात तीन वेगळे नळ आहेत: किती गाड्या, काय दर, कसली लायकी. एक नळ उघडला की बाकीचे उघडलेच पाहिजेत असं नाही. रस्त्यावर हात करून टॅक्सी घेणाऱ्याला दरांची तुलना करता येत नाही, म्हणून तिथे दर बांधून ठेवायला सबळ कारण आहे. संख्या बांधून ठेवायला तेवढं सबळ कारण मला दिसलेलं नाही. रस्त्यांवरची गर्दी हे एक आहे, पण गर्दी सगळ्याच गाड्यांची असते. त्यातली फक्त टॅक्सी मोजायची आणि एकेकटा माणूस घेऊन चाललेली खासगी मोटार सोडून द्यायची, हे जरा सोयीस्कर वाटतं.

लंडनने निदान काळ्या टॅक्सीपुरता हा फरक पाळला. खरं तर संख्या मोजायचा प्रयोग त्यांनी फार पूर्वीच करून पाहिला होता. १६५४ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत भाड्याच्या घोडागाड्यांवर मर्यादा आली होती. पण ती १८३० च्या दशकात गेली आणि आज तिथे काळ्या टॅक्सींच्या संख्येवर बंधन नाही. बंधन आहे ते परीक्षेचं. १८६५ पासून चालत आलेल्या या परीक्षेला नुसतं ‘नॉलेज’ म्हणतात. शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉस या चौकापासून सहा मैलांच्या वर्तुळातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ हवेत. उमेदवार स्कूटरच्या हँडलवर नकाशाची पाटी अडकवून पावसापाण्यात ३२० नेमून दिलेले मार्ग घोटत फिरतो. मग सूट घालून परीक्षकासमोर बसायचं. परीक्षक दोन ठिकाणं सांगणार आणि उमेदवाराने नकाशा न बघता, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, अमुक चौक ओलांडा, असा सगळा रस्ता म्हणून दाखवायचा. पाठांतर तीन-चार वर्षं चालतं.

या बिल्ल्याला दुसऱ्या हाताचा बाजार नाही, कारण डोक्यातलं विकता येत नाही. पण हेही कुंपणच. तीन-चार वर्षं बिनपगारी घोकंपट्टी प्रत्येकाला परवडत नाही, आणि रस्ता दाखवणारा फोन प्रत्येकाच्या खिशात आल्यावर ते कुंपण नेमकं कशासाठी, असा प्रश्न उरतो. लंडनच्या नियमांत आणखी एक बारीक कलम होतं: गाडी २५ फुटांच्या, म्हणजे साधारण ७.६ मीटरच्या वर्तुळात वळली पाहिजे. अरुंद गल्लीत सोयीचं, कबूल. पण एवढ्यात वळणारी गाडी कोणी सहसा बनवत नाही. त्यामुळे टॅक्सी विकण्याचा धंदा वर्षानुवर्षं एक-दोन कारखान्यांच्याच हाती राहिला. चालकांची संख्या मोकळी ठेवली आणि मक्तेदारी गाडीच्या कारखान्यात जाऊन बसली.

हात करून की बोलावून

बऱ्याच शहरांत टॅक्सीचे दोन वर्ग असतात: रस्त्यावर हात केला की थांबू शकणारी, आणि फक्त आधी बोलावल्यावर येणारी. पहिलीवर कडक नियम, त्या बदल्यात रस्त्यावरचा हक्क फक्त तिचा. हा सौदा फोनच्या काळात ठीक चालला. फोन करून गाडी यायला वीस मिनिटं लागायची, त्यामुळे दोन्ही बाजार वेगळे राहायचे.

ॲपने ती वीस मिनिटं तीनवर आणली आणि दोन वर्गांमधली भिंतच पडली. मग काय, वेळच परत आणायचा! जानेवारी २०१४ पासून फ्रान्सने फर्मान लागू केलं की बोलावलेल्या गाडीने प्रवासी घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं जाऊ दिलीच पाहिजेत. गाडी समोर उभी आहे, तुम्ही समोर उभे आहात, आणि दोघं घड्याळ बघताय. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हे फर्मान स्थगित केलं. पण कल्पना मेली नाही. २०१९ च्या सुरुवातीला बार्सिलोनात तशीच पंधरा मिनिटांची अट आली आणि उबर व कॅबिफाय या दोन्ही ॲप-कंपन्यांनी तिथली सेवा थांबवली. तिथे आणखी एक नियम होता: तीस टॅक्सींमागे एकच बोलावून येणारी गाडी. जून २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो अमान्य केला. वाहतूक, जागा, पर्यावरण ही कारणं चालतील, पण टॅक्सीचा धंदा आर्थिकदृष्ट्या टिकावा एवढ्यासाठी दुसऱ्याला अडवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख.

‘स्थानिक’ या शब्दातही एक मेख आहे. टॅक्सीचा परवाना शहरापुरता. प्रवासी मात्र शहराची वेस मोजून प्रवास करत नाही. शेजारच्या शहरात सोडून येणाऱ्या टॅक्सीला तिथला प्रवासी घेता येत नाही, म्हणून ती रिकामी परत येते, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसेही कुठून तरी वसूल होतातच. उलटाही प्रकार घडतो. इंग्लंडमध्ये परवाने देणाऱ्या नगरपरिषदा अडीचशेहून जास्त, प्रत्येकीचे शुल्क आणि अटी वेगळ्या, आणि लंडनबाहेरच्या टॅक्सींचा मूळ कायदा चक्क १८४७ चा. आधी बोलावलेल्या गाड्यांना परवाना कुठलाही असला तरी देशभर काम करता येतं. परिणामी चालक जिथे काम जलद आणि स्वस्तात होतं तिथे जाऊन परवाना काढतात. वॉल्व्हरहॅम्प्टन या एका शहराने हजारोंनी परवाने दिले. ते चालक राबतात भलत्याच शहरांत, आणि त्या शहरांच्या तपासनिसांना त्यांच्यावर कारवाईचा अधिकार तोकडा.

मक्तेदारी घर बदलते

ॲपने परवान्याची मक्तेदारी मोडली, हे खरं. पण त्याने स्वतःची मक्तेदारी आणली. ती कागदातून येत नाही, गर्दीतून येते: जिथे चालक जास्त तिथे प्रवासी जातात, आणि जिथे प्रवासी जास्त तिथे चालक. फरक एवढाच की चालक दोन फोन लावून दोन ॲपवर काम करू शकतो, त्यामुळे ही मक्तेदारी पाझरती असते. ती घट्ट करायची असेल तर चालकाला बांधून ठेवावं लागतं. सिंगापूरमध्ये मार्च २०१८ मध्ये ग्रॅब या प्रतिस्पर्धी ॲप-कंपनीने उबरचा तिथला धंदा घेतला, तेव्हा स्पर्धा आयोगाने दोघांना मिळून १.३ कोटी सिंगापूर डॉलरचा दंड केला. त्याहून कामाचं म्हणजे, चालकांना आणि टॅक्सी कंपन्यांना फक्त आपल्याशीच बांधून घेणारे करार मोडायला लावले. दंड कंपनी भरून मोकळी होते. करार मोडला तर चालक दुसऱ्या ॲपवर जाऊ शकतो.

न्यूयॉर्कने काय केलं? ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपवाल्या गाड्यांच्या नव्या परवान्यांवर बंदी घातली. कारणं तीच, १९३७ ची: गाड्या फार झाल्या, चालकांना पुरेसं मिळत नाही. या वेळी एक शहाणपण केलं: शेजारीच चालकांच्या किमान कमाईचा नियम आणला. पण संख्या गोठली आणि थोड्याच काळात भाड्याच्या गाडीच्या त्या नंबरपाटीला भाव आला. पाटी विकता येत नव्हती, म्हणून पाटीवाली गाडी आठवड्याच्या खंडाने मिळू लागली. ज्याच्याकडे पाटी नाही तो चालक सोमवारी सकाळी पुन्हा वजा खात्यातून सुरुवात करू लागला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराने विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी दार उघडलं. काही आठवड्यांत हजारो अर्ज आले. दुसऱ्याच्या पाटीचा खंड भरून थकलेले कितीतरी चालक त्यात होते. आणि नोव्हेंबरात चालकांचीच एक संघटना न्यायालयात गेली: एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या तर सगळ्यांचीच कमाई पडेल, हे थांबवा. न्यायालयाने थांबवलं.